ओळंब्याचे कान

सकाळची पहिली शिंक स्वयंपाकघरातल्या भांड्यांनी ऐकली, दुसरी शेजाऱ्यांनी ऐकली, आणि तिसरी आली तेव्हा बायकोने शिवणयंत्रावरचा पाय उचलला आणि बसल्या जागेवरून सांगून टाकलं की आज कामावर जायचं नाही.

शिंका देणाऱ्याला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतात, तो ओळंबा. हा माणूसही तसाच होता. उभा राहिला तर सरळ, बोलला तर सरळ, आणि एकदा मनाने घेतलं की इकडचा तिकडे व्हायचा नाही. कोणा गवंड्याने चेष्टेत ठेवलेलं नाव त्याला असं चिकटलं, की खऱ्या नावाने हाक मारली तर तोच मागे वळून बघायचा, कोणाला बोलावताहेत म्हणून.

तो फरश्या बसवायचा. कोणाच्या हाताखाली नाही, स्वतःचं स्वतः काम घ्यायचं आणि स्वतःच करायचं. तेच त्याने बायकोला ऐकवलं. रजा ज्याला साहेब असतो त्याला. आपण आपलेच साहेब आणि आपलेच गडी. गड्याने मागायची आणि साहेबाने नाकारायची, त्यापेक्षा सरळ कामाला लागलेलं बरं.

"मग साहेबालाच ताप आलाय असं समजा," बायको म्हणाली. "साहेब घरी असला की गड्याला कोण विचारतं?"

ती कपडे शिवायची. तिचाही धंदा तिचाच होता, पण आजारपणाच्या बाबतीत तिचं शास्त्र वेगळं होतं. तिचं म्हणणं, आजारी माणसाच्या हातून शिवण वाकडी जाते आणि मग ती उसवायला दुप्पट वेळ जातो. तेव्हा आधीच निजलेलं बरं. ओळंब्याने सांगितलं की फरशी उसवता येत नाही. यावर ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी," आणि पुन्हा यंत्र चालू केलं.

पण आज खरोखरच अडलं होतं. घड्याळकाकांना त्याने शब्द दिला होता.

घड्याळकाका म्हणजे जुनी घड्याळं दुरुस्त करणारे. त्यांची बायको बाजारात फळांची गाडी लावायची, तिला सगळा बाजार मावशी म्हणायचा. एकाच घरातले दोघे, एक काका आणि एक मावशी; नात्याने बघायला गेलं तर दोघांचा संबंधच लागत नाही, अशी थट्टा सगळे करायचे आणि ती दोघंही हसायची. अलीकडे मावशींचा गुडघा अगदीच गेला. गाडी बंद झाली, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि त्या थोडे दिवस लेकीकडे राहायला गेल्या. त्या गेल्या त्याच दिवशी काका ओळंब्याच्या दारात उभे. जुन्या न्हाणीघराला उंच उंबरठा होता, आत गुळगुळीत फरशी. ते सगळं काढून नवं करायचं, आणि तिला यातलं काही कळू द्यायचं नाही. लेक तिला उद्या दुपारी आणून सोडणार होती.

आता फक्त शेवटचं काम उरलं होतं. फरश्या बसून झाल्या होत्या, त्यांच्यामधले सांधे भरायचे होते. आणि सांधे भरायच्या आधी ओळंब्याचा नेम.

नेम असा, की खोलीतली एकूण एक फरशी तो बोटाच्या पेराने वाजवून ऐकायचा. खाली सिमेंटचा माल नीट भरलेला असला की फरशी 'टक्' म्हणते. कुठे हवा राहिली असली की 'डब्' म्हणते. 'डब्' म्हणणारी फरशी आज दिसायला कितीही छान असो, कधीतरी तिच्यावर बादली आदळते आणि ती तडकते. सांधे भरण्याआधी ती अलगद काढून पुन्हा बसवता येते, भरल्यावर मात्र तिच्याबरोबर शेजारणीही फुटतात. म्हणून तो आधी ऐकायचा. हा नेम त्याला कोणी लावून दिलेला नव्हता आणि मोडला असता तर कोणाला कळलंही नसतं. पण ज्याला साक्षीदार लागतो तो नेम कसला, असं त्याला मनातून वाटे. पहिल्या फरशीला हात लावण्यापूर्वी तो क्षणभर डोळे मिटायचा, आणि मग गुडघ्यांवर बसून सुरू करायचा.

"बसून करायचं काम आहे," तो बायकोला म्हणाला. "वाजवायचं आणि भरायचं. दुपारी घरी."

"तुम्ही बसून आजारी आणि मी उभी राहून काळजीत," ती म्हणाली. पण तिने उठून त्याच्या डोक्याला लोकरी मफलर गुंडाळला, कानांवरून दोन वेढे जास्त दिले आणि हनुवटीखाली गाठ मारली. अशी गाठ, की ती फक्त तिलाच सुटावी. ओळंबा आरशासमोरून गेला तेव्हा त्याला आपण दुखऱ्या दाढेच्या जाहिरातीतले वाटलो.

घड्याळकाकांचं घर तळमजल्यावर होतं. बाहेरच्या खोलीत भिंतभर घड्याळं, एकेकाचा स्वभाव वेगळा. एक पुढे जायचं, एक रुसून बसायचं, एक मध्येच दोन वेळा वाजवायचं. काका त्या सगळ्यांना रोज किल्ली द्यायचे. ओळंबा आत आला तेव्हा त्याला वाटलं, आज सगळी घड्याळं गोधडीत तोंड खुपसून चालताहेत. पण असेल, जुनी घड्याळं आहेत, असं म्हणून तो न्हाणीघरात शिरला.

काम खरोखर मन लावून केलं होतं त्याने. उंबरठा नाहीसा झाला होता. जमिनीला एका बाजूला नखभर उतार, पाणी थांबू नये इतका आणि पायाला कळू नये इतका. फरश्या किंचित खरखरीत, हिरव्या. काकांनी खास तोच रंग सांगितला होता, मावशींच्या गाडीवरच्या कलिंगडांचा. भिंतीला धरायला दांडा, आणि तोसुद्धा मावशींचा हात आपोआप जाईल तिथे. त्या उंचीचा अंदाज घ्यायला काका स्वतः मावशी होऊन भिंतीशी उभे राहिले होते, पदर सावरल्यासारखं करत.

ओळंबा मफलरची गाठ सोडवू लागला, सुटली नाही, म्हणून त्याने मफलर तसाच मागे ढकलून गळ्यात ओढला. डोळे मिटले. मग कोपऱ्यातल्या पहिल्या फरशीवर बोट वाजवलं.

डब्.

त्याने पुन्हा वाजवलं. डब्. असेल एखादी, म्हणून तो दुसरीकडे सरकला. डब्. तिसरी, डब्. तो गुडघ्यांवर सरकत दारापर्यंत आला आणि दारापासून पुन्हा कोपऱ्यापर्यंत गेला. एकूण एक फरशी रिकाम्या डब्यासारखी वाजत होती.

इतकी वर्षं हात बसलेला, आणि असं? माल पातळ झाला होता का? सिमेंट जुनं मिळालं होतं का? फरश्या बसवल्या त्या दिवशीही अंगात कसर होती, हे त्याला आठवलं. तेव्हाच हात ढिला पडला असणार. त्याने काकांना हाक मारली. काका आले, चष्मा वर केला, खाली वाकून दोन-तीन फरश्या वाजवल्या आणि म्हणाले की त्यांना तर सगळ्या छानच वाटताहेत, पण फरशीतलं त्यांना काय कळतं. त्यांना टिकटिक करणाऱ्या वस्तूंतलं कळतं, आणि ही न्हाणी टिकटिक करू लागली तर त्यांना जरूर बोलवावं.

ओळंब्याला हसू आलं नाही. तो छिन्नी घेऊन बसला. सगळ्यात वाईट वाजणारी फरशी त्याने निवडली, कडेने छिन्नी घातली आणि हळूच वर उचलू लागला. पोकळ फरशी कशी, दुधाच्या दातासारखी सुटून यायला हवी. ही हलेना. त्याने जोर लावला. फरशी कट्‌दिशी मोडली आणि तिचे तुकडे माल धरूनच वर आले. खाली बघतो तर माल काठोकाठ भरलेला. हवा तर सोडाच, मुंगीला शिरायला जागा नव्हती.

तापलेल्या डोक्याला वाटलं, ही एकटीच चांगली निघाली असेल, आपलंच नशीब. म्हणून त्याने शेजारची काढली. तीही तशीच घट्ट, तशीच मोडली.

मग तो मागे भिंतीला टेकून बसला. माल भरीव आणि आवाज पोकळ. म्हणजे पोकळ आहे तरी काय? त्याने सावकाश आपलं बोट वर नेलं आणि आपल्याच कपाळावर वाजवलं.

डब्.

सर्दीने कान बंद झाले होते. घड्याळं गोधडीत नव्हती, तोच होता. दोन चांगल्या फरश्या हकनाक गेल्या, आणि उरलेल्यांचं काय ते आता कळायला मार्गच नाही.

फुटक्या दोन फरश्यांची त्याला काळजी नव्हती. तो नेहमी चार जास्तीच्या आणून ठेवायचा. त्याने लगेच झटपट धरणारा माल कालवून दोन नव्या तिथे बसवून टाकल्या. हाताने तापातही चूक केली नाही. खरी पंचाईत पुढे होती. उद्या दुपारी मावशी येणार. सांधे आज भरले तर उद्यापर्यंत वाळतील. न ऐकता भरले तर? त्याच्या हातच्या फरश्या बहुतेक चांगल्याच असतात, शंभरात एखादी चुकते. कोणाला कळणार? पण ती एखादी नेमकी मावशींच्या पायाखाली आली, नवीन गुडघा घेऊन त्या तिच्यावर उभ्या असताना तडकली, तर? आणि आज नाही म्हटलं तर दिलेला शब्द जातो. काकांनी रोज कॅलेंडरकडे बघत दिवस काढले होते. मावशी आल्या की दार उघडून 'बघ' म्हणायचं, एवढ्यासाठी.

त्याने सांध्यांची पांढरी भुकटी घमेल्यात ओतली आणि पाणी घालून कालवायला घेतली. कालवता कालवता तो मनाची समजूत घालत होता, आणि मन काही ऐकत नव्हतं. बहुतेक त्याचेही कान बसले होते.

एवढ्यात बाहेरच्या खोलीत काहीतरी गडबड झाली. ओळंब्याला ती लांबून आल्यासारखी ऐकू आली. काकांचा आवाज, मग एक जाडा, बाजारात कमावलेला आवाज, आणि फरशीवर काठीची टकटक. मग न्हाणीच्या दारात मावशीच उभ्या.

लेकीकडे करमत नाही म्हणून त्यांनी एक दिवस आधीच निघायचं ठरवलं होतं. लेकीने उद्या सोडते म्हटलं, तर यांनी शेजाऱ्याची गाडी बोलावली. काकांना चकित करायचं म्हणून मुद्दाम कळवलंही नाही. आणि काका मागून दोन्ही हात पसरून दार अडवायच्या बेतात, चेहरा रडवेला. मावशींनी त्यांच्या हाताखालून डोकं काढून आत बघितलं.

हिरव्या फरश्या, भिंतीचा दांडा, उंबरठा गायब, आणि मधोमध नाक लाल झालेला, गळ्यात मफलरची गाठ आवळलेला ओळंबा, मांडीवर पांढऱ्या चिखलाचं घमेलं.

"अरे देवा," मावशी म्हणाल्या, "हे सगळं माझ्यासाठी?"

काका म्हणाले, ते उद्या असायचं होतं. मावशी म्हणाल्या, मग मी उद्या पुन्हा चकित होईन, तुम्ही काळजी करू नका. त्यांनी दांड्यावर हात ठेवला. हात जिथे गेला तिथेच दांडा होता. काकांनी तोंड फिरवून घड्याळांना किल्ली द्यायला सुरुवात केली, त्यांच्या किल्लीची वेळ झाली नसताना.

ओळंब्याला राहवलं नाही. त्याने सगळं सांगितलं. ताप, कान, दोन फुटलेल्या फरश्या, नेम, आणि घमेल्यात काय कालवलंय आणि का कालवलंय तेसुद्धा. मावशींनी ऐकून घेतलं. मग विचारलं, चांगली फरशी कशी वाजते आणि वाईट कशी. त्याने तोंडाने वाजवून दाखवलं.

मावशींच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं, की काका किल्ली हातात धरून बघत राहिले.

"म्हणजे उलटं," त्या म्हणाल्या. "कलिंगड 'डब्' म्हणालं की पिकलं, 'टक्' म्हणालं की कच्चं. माझं जे पिकलेलं ते तुझं बिघडलेलं. बाकी काम एकच. माझं स्टूल आणा हो."

काकांनी स्टूल आणलं. हे मावशींचं बाजारातलं लाकडी स्टूल, बुटकं, बसून बसून मधोमध खोलगट झालेलं. गाडी बंद झाल्यावर पलंगाखाली गेलेलं. गुडघा नवा असल्यामुळे खाली बसायची परवानगी नव्हती, पण बुटक्या स्टुलाला कोणी मनाई केली नव्हती, निदान मावशींच्या म्हणण्याप्रमाणे. त्या न्हाणीच्या मधोमध बसल्या, काठी उलटी धरली, आणि तिच्या मुठीने फरश्या वाजवायला लागल्या. जवळच्या बोटाने, लांबच्या काठीने. काका खडू घेऊन मागे उभे.

"कच्चं," मावशी म्हणायच्या. "कच्चं. कच्चं. हे अजून वेलीवरच आहे." टक्, टक्, टक्. "कच्चं. हं." काठी थांबली. पुन्हा वाजवली. त्यांनी डोकं एका बाजूला कलतं केलं, आणि ओळंब्याला त्या क्षणी त्या अगदी आपल्यासारख्या दिसल्या. "हे पिकलंय. खूण करा."

काकांनी फरशीवर खडूने गोल काढला, आणि नकळत त्याच्या आत दोन काटेही काढले.

गाडी बंद झाल्यापासून मावशींचे हात रिकामे होते. लेकीकडे कोणी भाजीसुद्धा निवडू देत नव्हतं. आता त्यांचा आवाज पुन्हा बाजारात चढायचा तसा चढला. मध्येच त्या काल्पनिक गिऱ्हाइकाला दटावायच्या, बोट लावू नका, मी देते ना निवडून. काका लाजत हसत होते, ओळंबा शिंकत हसत होता. भिंतीजवळच्या ओळीत आणखी एक पिकलेली सापडली. बाकी सगळ्या कच्च्या, म्हणजे भरीव. ओळंब्याच्या छातीवरचा दगड उतरला. त्याने तिथल्या तिथे त्या दोन फरश्या काढल्या. दुधाच्या दातासारख्या अलगद निघाल्या. खाली खरंच हवा होती. माल भरून त्या परत बसवल्या, आणि घमेल्याकडे हात नेला.

"आता भरून टाकतो," तो म्हणाला.

मावशी स्टुलावरून उठल्या नव्हत्या. त्या त्याच्याकडे बघत होत्या. त्यांनी त्याला काही उपदेश केला नाही, घरी जा असंही म्हणाल्या नाहीत. फक्त विचारलं, "तू ऐकलंस?"

"तुम्ही ऐकलंत की."

"मी ऐकलं. मला तर बरंच वाटलं. पण मी कधी दुसऱ्याच्या कानाने फळ विकलं नाही, एवढंच." आणि मग हसून, "तुझं तू बघ बाबा. तुझा धंदा तुझा."

ओळंबा घमेल्याकडे बघत राहिला. पांढरा चिखल कडेने घट्ट व्हायला लागला होता. दिलेला शब्द पाळायचा तर आत्ता, नाहीतर हा फुकट. पण उद्याचा दिवस ज्यांच्यासाठी होता त्या तर समोर स्टुलावर बसल्या होत्या, खुशीत, आणि न्हाणी होण्याची वाट बघत नव्हत्या. मग घाई नक्की कोणाची होती? शब्द मोडेल ही भीती त्याची स्वतःची होती, आणि कानांशिवायचा नेम कोणाच्याच कामाचा नव्हता. त्याने शब्द पाळायचाय म्हणून कामावर यायचा हट्ट धरला होता, आणि तापात आल्यामुळेच नेम मोडायची वेळ आली होती.

त्याने घमेलं बाजूला सारलं. "काका," तो म्हणाला, "मला दोन-तीन दिवस द्या. कान उघडले की येतो, ऐकतो, आणि भरतो."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने मुदत मागितली होती. त्याला वाटलं होतं, छत कोसळेल. काकांनी फक्त एका घड्याळाचा काटा मागे केला आणि म्हणाले, "घे. इथे वेळेला काय तोटा."

दार वाजलं. ओळंब्याची बायको होती, स्कूटर बाहेर लावून आलेली. दुपार झाली तरी माणूस आला नाही म्हणून तिने हातातली शिवण तशीच टाकली होती. ती आत आली, नवऱ्याचा अवतार बघितला आणि पुढे होऊन मफलरची गाठ सोडली. मग मफलर नीट गुंडाळून गाठ पुन्हा बांधली.

ओळंबा मान खाली घालून उभा राहिला. "साहेब," तो म्हणाला, "अंगात बरं नाही. दोन-तीन दिवस रजा मिळेल का?"

बायकोने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. "अर्ज सकाळी द्यायचा असतो," ती म्हणाली. "आता दिलाय तर बघू. चला." पण तिचे ओठ हसू दाबून दाबून दुखत असावेत.

घरी तो निजला तो निजलाच. उठला की बायको गरम पाण्याचं पातेलं समोर ठेवायची, डोक्यावरून चादर घालायची आणि आतून वाफ घ्यायला लावायची. त्याला मधूनमधून कामाची हुरहुर लागायची आणि मग झोप लागायची, आणि झोप लागली की हुरहुर पुढच्या वाफेपर्यंत थांबायची. ताप उतरला. मग एका सकाळी, तो पडल्या पडल्या जांभई देत असताना, कानात काहीतरी 'फट्' झालं.

आणि सगळं जग आत आलं. शिवणयंत्राची खटखट, खिडकीत चिमण्या, कात्री कापडातून जाताना होणारा बारीक सळसळाट, बायको स्वतःशीच गुणगुणत होती ते गाणं. हे ती रोज गुणगुणते? देवाने दिलेलं किती आपण फुकटात वापरतो आणि हिशेबातही धरत नाही, असं वाटून त्याचा ऊर भरून आला. तो अंथरुणात उठून बसला.

"अगं, आपल्या स्वयंपाकघरातला नळ गळतोय."

यंत्र थांबलं. "कान उघडले म्हणायचे तुमचे," बायको म्हणाली. "तो कधीपासून गळतोय. सर्दी नव्हती तेव्हाही गळत होता."

त्याने आधी नळ दुरुस्त केला. मग कामावर गेला.

मावशी तोवर आंघोळीला शेजारच्या बिऱ्हाडात जात होत्या आणि तिकडे गप्पांत इतक्या रमल्या होत्या, की न्हाणी लवकर होऊ नये असंच त्यांना वाटतंय की काय, अशी काकांना शंका यायला लागली होती. मावशींनी ओळंब्याचं स्वागत केलं आणि सांगून टाकलं, की ऐकायचं असेल तर ऐक, पण माझ्या कानातून काही सुटलेलं नाही. काठी मांडीवर घेऊन त्या दारात खुर्चीवर बसल्या, परीक्षा घ्यायला बसलेल्या मास्तरीणबाईंसारख्या.

ओळंब्याने डोळे मिटले. पहिली फरशी वाजवली.

टक्.

काय गोड आवाज होता तो. तो पुढे सरकला. टक्, टक्, टक्. ज्या दोन फरश्या पुन्हा बसवल्या होत्या त्याही आता टक्. भिंतीजवळची ओळ, टक्. दाराजवळची, टक्. मावशी प्रत्येक वेळी भुवया उंच करत होत्या, बघ, म्हटलं नव्हतं? सगळी खोली झाली. राहिलं होतं फक्त मधलं स्टूल, त्या दिवसापासून तिथेच पडलेलं. ओळंब्याने ते उचलून बाजूला ठेवलं आणि त्याच्या खालची फरशी वाजवली.

डब्.

बाहेर एका घड्याळाने अवेळी दोन ठोके दिले.

"पुन्हा वाजव," मावशी म्हणाल्या. त्याने वाजवलं. डब्. मावशींनी खुर्चीतून पुढे वाकून, काठी लांबवून स्वतः वाजवलं. डब्. त्या दिवशी त्यांनी सगळी खोली वाजवली होती, फक्त स्वतः बसल्या होत्या तेवढी जागा सोडून. आणि न्हाणीच्या नेमक्या मधोमध, जिथे त्यांनी रोज उभं राहायचं, तिथलीच फरशी पोकळ होती. त्या दिवशी सांधे भरले असते तर ती तशीच आत मिटून गेली असती.

काका मावशींकडे बघत होते, आता ही काय म्हणते म्हणून. मावशींनी काठी पुन्हा मांडीवर घेतली, आणि मग त्यांचं सगळं अंग हलायला लागलं. हसताना त्यांना दांडा धरावासा वाटला, पण तो लांब होता, म्हणून त्यांनी काकांचा हात धरला.

"सवय," त्या कशाबशा म्हणाल्या, डोळे पुसत. "सवय मेली जात नाही. सगळ्यात पिकलेलं मी नेहमी स्टुलाखालीच ठेवायची. खास माणसासाठी."

"कोण खास माणूस?" काकांनी विचारलं.

"तुम्हीच की. रोज संध्याकाळी घरी कोणतं यायचं असं वाटलं तुम्हाला?"

इतकी वर्षं रोज गोड फळ खाऊन काका ते बाजारातलं उरलंसुरलं समजत आले होते.

ओळंब्याने ती फरशी अलगद उचलली. दातासारखी निघाली. झटपट धरणारा माल कालवला, काठोकाठ भरला, फरशी परत ठेवली, रबरी हातोडीने चहूकडून दाबली, वर सपाटी दाखवणारी पाणसळ ठेवून बघितली. ती धरेपर्यंत मावशींनी चहा करायला लावला, काकांना, कारण आता स्वयंपाकघराची पाळी त्यांची होती. चहा झाला, मग ओळंबा पुन्हा बसला, आणि पहिला सांधा भरायला सुरुवात केली. आत पांढरी रेघ उमटत गेली, एकीतून दुसरी फुटत, हिरव्या फरश्यांमधून. त्याला ऐकू येत होतं, करणीचं पातं सांध्यावरून जाताना होणारी बारीक खरखर, घड्याळांचा सगळा गलका, आणि दारात बसून मावशी काकांना सांगत होत्या ते. त्या म्हणत होत्या, या माणसाला पुढच्या वेळी शिंक आली की सरळ घरी ठेवायचं, त्याच्या बायकोला मी सांगून ठेवते.

"सांगून ठेवायची गरज नाही," ओळंबा मान वर न करता म्हणाला. "माझे साहेब कडक आहेत."